वाडीच्या खेळाचा इतिहास लिहायचाय? कपाटातले चषक शेवटी काढा

मंडळाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की एक मीटिंग हमखास होते, त्यात कोणीतरी म्हणतं स्मरणिका काढूया आणि त्यात आपल्या खेळाचा इतिहास टाकूया, सगळे माना डोलावतात आणि मग ज्याला जरा बरं लिहिता येतं त्याच्या गळ्यात ते काम पडतं. ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मुंबईतल्या काळाचौकीचा, त्यामुळे उदाहरणं लालबाग-परळकडची येतील, पण गिरगावातली वाडी असो, वरळीचा कोळीवाडा असो नाहीतर भांडुपची चाळ, पद्धत तीच.

सगळ्यात आधी काय करू नये ते सांगतो. कपाट उघडून चषक पुसत बसू नका. बहुतेक जण तेच करतात आणि मग इतिहास म्हणून जे छापून येतं ती निव्वळ वाणसामानाची यादी असते, अमुक साली विजेते, तमुक साली उपविजेते, की संपलं. चषकावर कोण जिंकलं ते कोरलेलं असतं, पण खेळायला जागा कुठून आली आणि पैसे कोणाच्या खिशातून आले ते त्यावर कुठे असतं? माझं म्हणणं एवढंच आहे की जागा आणि पैसा या दोन गोष्टींच्या मागे लागलात की बाकी सगळं आपोआप सापडत जातं.

हे डोक्यात शिरलं माझ्या भाच्यामुळे. तो स्लोवाकियात नित्राला असतो, टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ साली सुरू झाला ना, तिथे. राहायला जवळच्या एका खेड्यात. गाव केवढं, तर आपल्या दोन चाळींतली माणसं मिळून त्याच्याहून जास्त भरतील. पण गावाला स्वतःचं फुटबॉल ग्राउंड, स्वतःचा क्लब, आणि रविवारी दुपारी मॅच. रस्त्यावरच्या खांबांना गावाचे लाउडस्पीकर लावलेले आहेत त्याच्यावरून अनाउन्समेंट होते की आज अमुक गावाशी मॅच आहे या, मग म्हातारेकोतारे येऊन बाकड्यावर बसतात, बिअर नाहीतर कोफोला पितात (कोफोला म्हणजे १९६० पासूनचा त्यांचा देशी कोला) आणि पंचाला शिव्या घालतात. म्हणजे आपलंच सगळं.

तर तिथे गावोगाव क्रोनिका नावाची एक जाड वही असते. चेकोस्लोवाकिया असताना १९२० साली गावांनी अशी वही ठेवावी म्हणून चक्क कायदा झाला होता, आणि आजही गावं ती लिहितात, लिहिणाऱ्याला क्रोनिकार म्हणतात, बऱ्याचदा तो गावातला मास्तरच असतो. पाऊस किती झाला, आग कुठे लागली, शाळेत किती पोरं, आणि त्यातच फुटबॉल टीमचं काय झालं. भाच्याला शेजारच्या आजोबांनी अशी पानं वाचून दाखवली, आणि खेळाची पानं सलग वाचली की कळतं की गावात पैसा आणि सत्ता कोणाकडे होती तेच त्यात लिहिलंय. १९१८ पर्यंत तो सगळा भाग हंगेरीच्या राज्यात. मग चेकोस्लोवाकिया झाला आणि सोकोलच्या व्यायामशाळा आल्या, ही सोकोल चळवळ १८६२ साली प्रागमध्ये सुरू झालेली, आपल्या तालमीसारखी पण गणवेश घालून आणि सामुदायिक कवायतीसकट. कॅथलिक लोकांनी ओरोल म्हणून त्यांची वेगळी काढली. १९४९ पासून कम्युनिस्ट सरकारने सामुदायिक शेतीच्या सहकारी संस्था केल्या तेव्हा त्यांच्या आधारावर खेड्यातले क्लब चालले आणि कितीतरी क्लबांना नावही त्या सहकारी शेतीवरूनच पडलं. १९८९ नंतर ती व्यवस्था गेली, पोरं कामासाठी शहरात आणि परदेशात गेली आणि आता काही गावांना अकरा जण जमवताना नाकी नऊ येतात, मग शेजारच्या दोन गावांची मिळून एक टीम. यातलं एकही वाक्य चषकावर लिहिलेलं नसतं.

आता आपल्याकडे या. सहकारी शेतीच्या जागी गिरणी ठेवा, बीईएसटी (बेस्टची बससेवा) ठेवा, रेल्वे, पोलीस, बँका ठेवा, चित्र तेच दिसेल. आपल्याकडे फक्त क्रोनिकार नाही. ते काम आता तुमचं.

हद्द आधी ठरवा. एक वाडी, एक चाळ, एक मंडळ, बस. 'परळचा क्रीडा इतिहास' असलं काही मनावर घेऊ नका, जन्म जाईल. आणि सुरुवात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं तिथून करू नका, ते भारीच आहे पण ते अमरावतीकरांना लिहू द्या. तसंच १९८८ साली आझाद मैदानावर शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डमध्ये सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप झाली ती 'मी स्वतः बघितली' म्हणणारे प्रत्येक वाडीत दोन-तीन काका असतात, सगळ्यांना धरलं तर त्या दिवशी मैदानात पोरांना उभं राहायला जागा उरली नसती. प्रेमाने ऐका आणि पुढे सरका. कबड्डीचे मोठे संघटक बुवा साळवी आमच्या मैदानात येऊन गेले हेही प्रत्येक कबड्डी मंडळ सांगतं. फोटो असेल तर छापा.

मग पहिलं खरं काम, जागा मोजा. टेप घेऊन जा, सोबत एक म्हातारा आणि एक पोरगा घ्या. दोन चाळींच्या मधली मोकळी जागा किती बाय किती, नळ कुठे होता, विहीर कुठे होती, गणपतीचा मांडव कुठे पडायचा, सगळं एका कागदावर काढा. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर लागतं, महिलांचं १२ बाय ८, आणि बाजूने पळायला थोडी मोकळीक. हे जिथे बसलं तिथे कबड्डी रुजली, जिथे नाही बसलं तिथली पोरं लगोरी, कॅरम आणि अंडरआर्म क्रिकेटमध्ये तयार झाली. अमुक वाडीचं रक्तच कबड्डीचं वगैरे जे बोलतात ना त्यातलं निम्मं तरी जागेचं गणित असतं.

बीडीडी चाळींत राहणाऱ्यांनी तर हे आजच करा. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या मिळून २०७ इमारती, पुनर्विकासात एकेक पाडल्या जातायत आणि टॉवर उभे राहतायत, एकदा पोडियम पार्किंग आलं की कुठे मध्यरेषा होती ते कोणाच्या बापाला सांगता येणार नाही.

जागेबरोबर नियम पण लिहून घ्या, पुस्तकातले नाही, तुमच्या जागेचे. आमच्याकडे पहिल्या मजल्याच्या गॅलरीत डायरेक्ट बॉल गेला तर आउट, एक टप्पा पडून गेला तर दोन रन, नळाच्या खांबाला लागून आला तर चालू, आणि कोपऱ्यातल्या खोलीत गेला तर मॅच संपली कारण तिथल्या आजी बॉल परत द्यायच्या नाहीत. प्रत्येक नियमामागे कुठली तरी काच फुटलेली असते नाहीतर कोणाची तरी दुपारची झोप मोडलेली असते, विचारलं की लोक सांगतात. पावसातलं वेगळं विचारा. मोठ्यांच्या क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात, पण वाडीत पावसाळा म्हणजे चिखलातला फुटबॉल आणि मग आईचा मार.

आता पैसा, म्हणजे कागद. मंडळाच्या पोटमाळ्यावर, शक्यतो गणपतीच्या मखराच्या मागे, एक पत्र्याची ट्रंक असते. त्यात पावतीपुस्तकांचे अर्धे राहिलेले गठ्ठे, हिशेबाच्या लाल वह्या, सभांचं इतिवृत्त, जुन्या स्पर्धांची हँडबिलं आणि निमंत्रणपत्रिका असतात. लोक म्हणतात कचरा आहे टाका. अजिबात टाकू द्यायचं नाही!

आमच्या एका वहीचं पान सांगतो. वर स्पर्धेचं नाव, खाली खर्च. लाल माती गाडीने, माती चाळायची मजुरी, धुम्मस (माती ठोकायला) भाड्याने, फक्की (रेषा आखायला), सुतळी, पेट्रोमॅक्सच्या चार बत्त्यांचं भाडं, पंचांचा चहा, पाहुण्या संघाला बटाटेवडे, आणि शेवटी एक ओळ 'भोंग्यानंतर सुरू केल्याने बत्तीचं जादा रॉकेल'. या एका ओळीत किती माल आहे बघा. सामने गिरणीचा भोंगा होऊन पाळी सुटल्यावर व्हायचे, खेळणारे आणि बघणारे दोन्ही गिरणीतले, आणि उजेड विकत घ्यावा लागायचा. तिकडे जमेच्या बाजूला वर्गणीदारांची नावं खोली नंबरासकट, म्हणजे कुठल्या मजल्यावरून पैसे येत होते आणि कुठल्या मजल्याचं मंडळाशी फाटलं होतं तेही कळतं. जुन्या स्मरणिका मिळाल्या तर लेख नंतर वाचा, जाहिराती आधी बघा. खानावळ, टेलर, सायकलवाला, नंतर व्हिडिओ लायब्ररी, मग केबलवाला, मग बिल्डर. कोणाच्या पैशावर खेळ चालला ते क्रमाने लागलेलं असतं.

कागद हाताळायचं थोडं सांगतो. लॅमिनेशन करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी, प्लास्टिकमध्ये एकदा चिकटलं की परत निघत नाही. टाचण्या आणि क्लिपा गंजलेल्या असतील तर हळूच काढा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून मोबाइलने फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवली तर आकार कळतो. फाइलला नाव देताना साल आधी टाका म्हणजे आपोआप ओळीत लागतात. फोटोंची मागची बाजूही काढाच, नावं तिथेच लिहिलेली असतात.

मंडळाची ट्रंक भंगारात गेली असेल तरी लगेच हात टेकू नका. रजिस्टर्ड मंडळ असेल तर जुन्या पावतीवर किंवा बोर्डवर 'एफ' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा संस्थांना हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, त्यामुळे वरळीच्या कार्यालयात अर्ज करून नोंदणीच्या आणि जुन्या हिशेबाच्या नकला मागता येतात. वेळ लागतो, खेपा होतात, डबा घेऊन जा. पण संस्थापकांच्या सह्या असलेला कागद हातात आला की मंडळातले अर्धे वाद तिथेच मिटतात, आणि अर्धे नवीन सुरू होतात ते सोडा.

वर्तमानपत्रं शेवटी शोधा, आधी नको, कारण तारीख माहीत नसताना जुन्या फायली चाळणं म्हणजे डोळे फुटायची वेळ. निमंत्रणपत्रिकेवरून महिना कळला की मग दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं आहे, तिथे चौकशी करा. नवाकाळ १९२३ चा, लोकसत्ता १९४८ चा, मटा १९६२ चा, त्यामुळे तुमच्या सालाला कुठला पेपर निघत होता ते आधी बघा. स्थानिक स्पर्धांचे निकाल आतल्या पानावर चार ओळींत असतात आणि आडनावं बिनधास्त चुकवलेली असतात, तेव्हा सावंतचा सामंत झालेला दिसला तर दचकू नका.

आता माणसं, यातच खरी मजा आहे आणि इथेच सगळे घाई करतात. समोर बसून 'काका तुम्ही कुठल्या साली कुठला कप जिंकलात' असं विचारलं की काका गडबडतात आणि काहीतरी ठोकून देतात. सालं विचारूच नका. खुंट्या द्या. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तर विचारा की ही मॅच संपाच्या आधीची की नंतरची. कपिलने वर्ल्ड कप उचलला २५ जून १९८३, त्याच्या आधी की नंतर. १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये स्पर्धा झाली होती का. ९३ च्या बॉम्बस्फोटानंतर मैदान बंद होतं का. २६ जुलै २००५ च्या पाण्यात काय काय वाहून गेलं. तुमच्या मोठ्या मुलीचा जन्म तेव्हा झाला होता का. दोन खुंट्यांच्या मध्ये साल बरोबर अडकतं. स्लोवाक म्हाताऱ्यांशी बोलताना पण असंच चालतं म्हणे, ऑगस्ट १९६८ ला रशियाचे रणगाडे आले त्याच्या आधी की नंतर.

आणि प्रश्न बारीक विचारा. चपला कुठे काढून ठेवायचात? खरचटल्यावर काय लावायचात? बाहेरगावी खेळायला गेलात तर झोपलात कुठे? रातपाळी असेल तर मॅचला कसे आलात, बदली कोणी दिली? संप लांबला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांच्यातले खेळाडू काय करत होते, कोण गावी गेलं आणि परत आलंच नाही, हे विचाराल तेव्हा समोरचा माणूस थोडा थांबेल, तुम्हीही थांबा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. नोकरीचं तर विचारायलाच हवं. कबड्डीच्या जोरावर कोण बीईएसटीत लागलं, कोण रेल्वेत, कोण पोलिसात आणि कोणाचं होता होता राहिलं. खेळाने वाडीला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ढाल नव्हती, पगार होता.

जुन्या खेळाडूंकडून कबड्डीचे गुण लिहून घेताना हेही ध्यानात असू द्या की तेव्हा दम घुमवत चढाई व्हायची आणि दम सुटला की बाद, आता ३० सेकंदांचं घड्याळ आहे. आजच्या पोरांना तेव्हाचा स्कोर वाचून काही कळणार नाही, एक ओळ समजावून टाका.

दोन जुने प्रतिस्पर्धी एकत्र बसवू नका. आधी वेगवेगळे, रेकॉर्डिंगची परवानगी घेऊन, आणि मग चहाला एकत्र, तेव्हा भांडतील आणि त्या भांडणात खऱ्या गोष्टी बाहेर पडतील.

बायकांना विसराल हे मला माहितीये म्हणून वेगळं लिहितोय. वाडीतल्या किती मुली शाळेकडून खो-खो, कबड्डी खेळल्या, जिल्ह्यापर्यंत गेल्या, आणि लग्न झाल्यावर त्यांचं नावच बदललं त्यामुळे मंडळाच्या कुठल्याच यादीत सापडत नाहीत. शोधताना माहेरच्या नावाने शोधा. शाळेच्या जुन्या बाईंना विचारा, मैत्रिणीला विचारा, एक सापडली की ती बाकीच्या सहा जणींचा पत्ता लावते. आणि पाहुण्या संघांचं जेवण कोणाच्या खोलीत शिजायचं तेही लिहा, ते वहीत 'भोजन खर्च' म्हणून एका ओळीत संपवलेलं असतं, त्यात फक्त किराणा असतो, राबणाऱ्या बाईचं नाव नसतं.

मग येतो नाजूक भाग. मंडळ फुटलेलं असतं. एकाच चाळीत दोन मंडळं, नावात फक्त 'नव' किंवा 'श्री' चा फरक, आणि दोघांचा स्थापनादिन एकच. दोन्ही बाजू छापा, शेजारी शेजारी, कोणाची बाजू न घेता, आणि पैसे खाल्ल्याचे आरोप कागद हातात असल्याशिवाय बिलकुल नकोत. पण जातीचं मात्र गाळू नका. कोणाला माठातलं पाणी वेगळं मिळायचं, कुठल्या वस्तीचा संघ बोलावला जायचा नाही. पालवणकर बाळूंसारख्या दलित बोलरला पुण्यात चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात द्यायचे, आणि त्यांचा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदूंच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन झाला. ते मोठे लोक म्हणून पुस्तकात आले, तुमच्या वाडीतली असली गोष्ट तुम्हीच लिहिली तर लिहिली जाईल. स्लोवाकियात १९४२ मध्ये हजारो ज्यू लोकांना गाड्यांत घालून नेलं, तेव्हा तिकडच्या कुठल्याही जुन्या टीम फोटोसमोर बसलं की आधीच्या फोटोत कोण आहे आणि नंतरच्या फोटोत कोण नाही हे विचारावंच लागतं. आपल्याही फोटोंना तो प्रश्न विचारून बघा.

लिहायला बसाल तेव्हा सालवारी करू नका, जागेप्रमाणे प्रकरणं पाडा. नळासमोरचं मैदान, गच्ची, शाळेचं पटांगण, व्यायामशाळा, आणि आता टर्फ जिथे तासाला पैसे मोजून खेळावं लागतं. टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही द्या, कारण 'बाळ्या' म्हटल्यावर चार जण पुढे येतात. फोन नंबर, खोली नंबर छापू नका. विजेत्यांचा तक्ता शेवटी एका पानात. आता कपाट उघडा, चषकांवरची कोरलेली सालं या तक्त्याशी जुळवा. जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा फिरता चषक परत करायचा राहिलेला असतो!

कच्चा मजकूर छापायच्या आधी प्रिंट काढून मंडळाच्या फलकावर लावा, बाजूला दोरीला पेन बांधा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. अख्खी वाडी येता-जाता वाचते, खाडाखोड करते, कोणीतरी रात्री येऊन स्वतःचं नाव घुसवतं, ते अक्षरावरून ओळखता येतं. कुठल्याही एडिटरपेक्षा हे भारी काम करतं.

राहता राहिला छपाईचा खर्च. जाहिराती मिळतात, पण त्यांच्याबरोबर फोटो पण येतात, आणि प्रत्येकाला पहिलं पान हवं असतं. आधीच कमिटीत ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवा की पहिल्या पानावर मैदानाचा हाताने काढलेला नकाशा येणार, पुढाऱ्यांचे शुभेच्छा फोटो सगळे मागे, एकाच साइजमध्ये, आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने. ठराव दाखवला की कोणी फारसं वाद घालत नाही, आणि घातलाच तर त्यांना पूर्ण पानाचा रेट सांगा.